शरदात शेताला भेटायला जाताना

हुरड्याला गावी सगळेच येतात. पौषात शेकोटी पेटली की पुण्याचे पाहुणे येतात, त्यांचे मित्र येतात, मित्रांचे साहेब येतात आणि जाताना गाडीची डिकी भरून नेतात. भाद्रपद सरताना मात्र रानात कुणी फिरकत नाही. खायला काही नसतं, चपलेला किलोभर चिखल लागतो, गवतात सापाची भीती असते. माझ्या मते जमिनीशी ओळख करून घ्यायची तर तेव्हाच जावं. पितृपंधरवडा संपत आला की सुरुवात करायची आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जमेल तसं जात राहायचं.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. राहायला सोलापुरात, पोटापाण्याचा धंदा इथंच, आणि बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा असं कुठंतरी वाडवडिलांचं चार-सहा एकर रान, जे दुसरंच कुणीतरी कसतं. मी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगचं टेबल सांभाळते. आमचं रान वैरागच्या पुढं, बालाघाटाच्या अंगाला. निम्मं काळं, निम्मं मुरमाड. दादा नोकरीनिमित्त बाहेर, त्यामुळं वाटेकरी कसतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मोबाईलवर शरद ऋतू म्हणून जे लाल-केशरी पानांचे डोंगर दिसतात, ते थंड मुलखातले. आपल्याकडं पानगळ शिशिरात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. शरदात आपल्याकडं रंग बदलतं ते गवत. तुम्ही झाडांकडं बघत बसलात तर रिकाम्या हातानं परत याल. नजर गुडघ्याच्या खाली ठेवा.

दुसरी गोष्ट, नुसतं बघायला जाऊ नका. काहीतरी काम घेऊन जा. बघायला गेलेला माणूस अर्ध्या तासात फोटो काढून मोकळा होतो, मग सावली शोधतो, मग मोबाईलला रेंज शोधतो. काम असलं की पाय चालतात, हात मातीत जातात, दोन माणसांशी बोलावं लागतं. कामं कोणती ते पुढं सांगते.

वापसा बघून निघा

सोलापूरचा पाऊस कोकणासारखा जूनमध्ये येऊन भागत नाही. आपला भरवशाचा महिना सप्टेंबर. उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांचा परतीचा पाऊस पडला तरच रब्बी. उत्तरा लागते १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २७ ला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमाराला. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी याच दिवसांत उरकते आणि नंतर पावसाचा थेंब पडला नाही तरी काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते पीक चार महिने काढतं. आपण खातो ती भाकरी खरं म्हणजे सप्टेंबरच्या पाण्याची.

म्हणून तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, तात्यांना किंवा तुमच्याकडं जे कुणी कसतात त्यांना फोन करून विचारा, "वापसा आला का?" म्हणजे ओल ओसरून रान पाय टाकण्याजोगं झालं का. फोनवर नीट कळलं नाही तर रानात गेल्यावर स्वतः बघता येतं. वीतभर खोलवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून विखुरला तर वापसा आहे. चपटा होऊन तसाच बसला तर रानात शिरू नका. ओल्या काळ्या मातीत चाललात तर माती दबून घट्ट होते आणि कसणाऱ्याला तो ठिगळासारखा तुकडा पुढं महिनाभर नडतो. मुरमाड माळ दीड-दोन दिवसांत चालण्याजोगा होतो, भारी काळ्या रानाला पाच-सहा दिवसही लागतात.

सकाळी सातच्या आत पोचा. दहानंतर ऑक्टोबरचं ऊन असं चढतं की माणसाला चिडचिडीशिवाय काही सुचत नाही. आणि सकाळच्या तिरप्या उन्हातच गवताचे तुरे पेटल्यासारखे दिसतात, दुपारी तेच गवत नुसतं वाळकं वाटतं.

अंगावर काय घालायचं

इथं माझा धंदा कामाला येतो. शरदातल्या माळावर मुख्य वैरी म्हणजे कुसळ. कुसळी गवताच्या बियाला लांब शेपटी असते. ती वाळली की पीळ भरते, दवानं भिजली की पीळ सोडते, आणि या भरण्या-सोडण्यात टोकदार बी फिरत फिरत मातीत शिरतं. कुणी पेरायला नको, कुणी पाणी घालायला नको. पण माती आणि तुमचा पायमोजा यातला फरक त्याला कळत नाही.

होजिअरी, लोकर, टॉवेलसारखं कापड, सैल विणीचं काहीही नको. शाळेच्या पँटला वापरतात ते घट्ट विणीचं टेरिकॉट उत्तम, कुसळ त्यावरून घसरतं. जीन्सही चालते, पण ओली झाली की दिवसभर वाळत नाही. साडीच नेसायची असेल तर सुती नको, सिंथेटिक नेसा आणि जरा वर खोचा. मोजे घालू नका, घोट्याच्या वर येणारे रबरी बूट घाला, वाण्याकडं मिळतात ते शेतकरी वापरतात तेच. काळ्या मातीत महागाचे स्पोर्ट शूज नेणाऱ्याची मला कीव येते. रानात बसायला ताडपत्री न्या. सोलापुरी चादर अंथरायचा मोह होतो, पण तिच्यात अडकलेलं कुसळ पुढच्या दिवाळीपर्यंत अंथरुणात टोचत राहतं.

हातात काठी असू द्या आणि पाऊल टाकायच्या आधी गवतात ती आपटत चला. या दिवसांत घोणस बांधाच्या दगडांत असते. दगडाच्या फटीत, ढोलीत हात घालायचा नाही, पोरांना तर दोनदा बजावायचं. गावाजवळचं सापाच्या लशीची सोय असलेलं आरोग्य केंद्र कोणतं, ते आधीच विचारून ठेवा.

पहिलं काम: घटाची माती

शहरात हल्ली घटस्थापनेची माती पुडीत विकत मिळते. कुठली माती, कुणाच्या रानातली, काही पत्ता नाही. आपलं रान असताना ती विकत घेणं मला पटत नाही. सर्वपित्री अमावस्येच्या आधी एकदा जाऊन आपल्या काळ्या रानातली दोन-तीन ओंजळी माती आणणं, हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चांगलं निमित्त आहे. माती सगळीकडून घेऊ नका. तणनाशक मारलेला पट्टा टाळा, नाहीतर बी उगवणार नाही आणि घरात उगीच अपशकुनाची चर्चा सुरू होईल. कसणाऱ्याला विचारूनच माती घ्या. रान सातबाऱ्यावर तुमचं असेल, पण वर्षभर त्यात घाम त्यांचा पडलेला असतो.

घरी आणल्यावर माती सावलीत पसरून वाळवा, ढेकळं फोडा, चाळणीनं चाळा. नुसती काळी माती पाणी धरून चिखल होते आणि बी कुजतं, म्हणून तीन वाट्या मातीला एक वाटी वाळू मिसळा. पत्रावळीवर किंवा परडीत बोटभर जाडीचा थर द्या, मधोमध मातीचा घट ठेवा, घटात पाणी भरा. घट कच्च्या भाजणीचा आणि झिरपणारा हवा. रंगवलेला, चकचकीत घट घेतलात तर पाणी बाहेर येणार नाही. घटाचं झिरपणारं पाणी बियाला पुरतं, वरून फक्त चूळभर शिंपडायचं.

बी मात्र गावचंच घ्या. आमच्याकडं तात्यांच्या कणगीतली ज्वारी, करडई, हरभरा, जवस, गहू असं जे असेल ते. ज्वारी मालदांडी. हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं, आणि अजून भाकरीच्या चवीत त्याला कुणी हरवलेलं नाही, असं माझं आपलं मत. दसऱ्यापर्यंत धान वीतभर वाढतं. अंधारात वाढल्यामुळं पिवळं दिसतं, ते रोगट नव्हे.

आता यातली गंमत बघा. घट बसतो आणि त्याच पंधरवड्यात रब्बीची पेरणी असते. कोणतं बी चांगलं उगवलं, कोणतं मागं राहिलं, ते घरातल्या बाईला नऊ दिवसांत दिसतं. मी दरवर्षी तात्यांना फोन करून सांगते, करडई मस्त आली, जवस निम्मं गेलं. ते हसतात, पण ऐकतात. तुम्हाला आणखी नीट करायचं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्यानं कोंब मोजा. ज्वारीच्या बियाण्यात शंभराला पंचाहत्तर तरी उगवले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर पेरायच्या आधी कसणाऱ्याला कळवा. लांब बसून शेतासाठी करता येण्याजोगं हे एक खरं काम आहे, आणि अकरावीतल्या पोराकडूनही करून घेता येतं.

दुसरं काम: बांधावरून पूर्ण फेरा

निघण्याआधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा काढून घ्या. बघण्यापुरता फुकट आहे, सहीचा डिजिटल उतारा पंधरा रुपयांत मिळतो. सोबत आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, आणि गटाचा नकाशा. तुमच्या आजोबांच्या कागदात सर्व्हे नंबर असेल आणि आताच्या उताऱ्यात गट नंबर, तर घाबरू नका. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली तुकडे जोडून गट पाडले, तेव्हा आकडे बदलले.

बहिणींनो, उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघा. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. वडील गेल्यावर वारसनोंद तलाठ्याकडं आपोआप होत नाही, अर्ज द्यावा लागतो. हक्कसोडपत्र करायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण कागद न वाचता सही करायची नाही. जमिनीच्या मायेवर भरभरून बोलणाऱ्या किती बायकांचं नाव उताऱ्यावर नसतं! आमच्या दादानं नोंदीच्या वेळी स्वतःहून माझं नाव पुढं केलं, वहिनीनं चहा ठेवला, विषय संपला. सगळीकडं असं होत नाही हे मला माहीत आहे.

नकाशा हातात घेऊन बांधावरून पूर्ण फेरा मारा. मधून आडवं जायचं नाही, कडेकडेनं जायचं. गावातलं एखादं म्हातारं माणूस सोबत घ्या आणि प्रत्येक तुकड्याला काय म्हणतात ते विचारा. उताऱ्यावर फक्त आकडे असतात. माणसांच्या तोंडी चिंचेची पट्टी असते, मळई असते, थोरलं वावर असतं. आमच्यात एका तुकड्याला "उपाशी" म्हणतात, कारण तिथं पाऊस कितीही झाला तरी पीक कधी पोटभर येत नाही. ही नावं वहीत उतरवा. सांगणारी माणसं आता थोडी राहिलीत.

नावांच्या पाठोपाठ हे विचारा. हे बंडिंग, म्हणजे पाणी अडवायला घातलेले बांध, कधीचं? पुष्कळ ठिकाणी उत्तर येईल, बहात्तरच्या दुष्काळातलं. १९७२ ला कामावर गेलेल्या माणसांनी घातलेल्या ताली अजून पाणी अडवतात. कोण खडी फोडायला होतं, कुणाला दुष्काळात वाटलेली सुकडी आवडायची, कुणी बैल विकले, हे सगळं त्या बांधाच्या निमित्तानं बाहेर येतं. घरात सोफ्यावर बसून "जुनं काहीतरी सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. बांधावर उभं केलं की बोलतात.

जुनी विहीर असेल तर तिथं जरा रेंगाळा. मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं कुठं होतं, बैल जायची धाव कोणती, मोटेचा दगड झिजलाय का, काठावर आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, शेंदूर लावलेले दगड आहेत का. शरदात विहीर भरलेली असते, तेव्हा पाण्याची पातळी कठड्यापासून किती हात आहे ते मोजून वहीत लिहा. दरवर्षी त्याच सुमाराला लिहिलंत तर काही वर्षांनी तुमच्याकडं अशी नोंद असेल, जी कुठल्याच कचेरीत नाही.

नैवेद्याचं फार अवडंबर करू नका. घरून धपाटे, दही, शेंगाचटणी, कांदा न्या, आसरांपुढं एक घास ठेवा आणि बाकीचं कसणाऱ्या कुटुंबासोबत बसून खा. त्यांच्या घरून काय येईल ते आनंदानं घ्या. हिशेबाची बोलणी या दिवशी काढायची नाहीत. खताचे पैसे, वाट्याचं भांडण, सोयाबीनचा भाव, या सगळ्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

आणि एक विनंती. बांधावर तणनाशक मारू नका असं कसणाऱ्याला सांगा, त्याबद्दल एका खुरपणीची मजुरी आपण सोसा. बांधावरच कुर्डूची रानभाजी असते, मारवेल गवत असतं, मधमाश्या असतात. आश्विनात तूर फुलायला लागते तेव्हा त्या माश्यांची गरज पडते.

वाटेतला माळ

बार्शी रस्त्यानं जात असाल तर नान्नज वाटेतच आहे. माळढोक अभयारण्य, १९७९ चं. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, तो पक्षी आता दुर्मिळातला दुर्मिळ झालाय. पण काळवीट दिसतं, नशीब असेल तर लांडगा दिसतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून थंड देशांतून आलेले भोवत्या पक्षी गवताच्या अगदी डोक्यावरून, पंख न हलवता, तरंगत जाताना दिसतात. वनखात्याची परवानगी घेऊन, ठरवून दिलेल्या वाटेनंच आत जायचं. आतलं बी, फूल, गवत काहीही उचलायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे.

या गवताळ माळावर उभं राहिल्याशिवाय सोलापूरचा शरद कळत नाही. पवना, मारवेल, कुसळी, एकेकाचा रंग वेगळा. कुसळी तांब्याकडं झुकते, मारवेल जांभळट, आणि वारा आला की सगळा माळ एका बाजूनं फिकट होत जातो. मधेच तरवडाची पिवळीजर्द झुडपं. शाळेत आपल्याला शिकवलं की माळ म्हणजे पडीक. त्यामुळं पैसे आले, हौस आली की माणसं पहिल्यांदा आपल्या माळाच्या तुकड्यावर ग्लिरिसिडिया नाहीतर निलगिरी लावायला निघतात. तुमच्या वाट्याला जुना गवताळ माळ आला असेल तर कृपा करून तो तसाच राहू द्या. झाडंच लावायची तर विहिरीकाठी, वस्तीजवळ लावा, कडुलिंब, चिंच, आपटा.

डोंगर

बालाघाट सह्याद्रीसारखा अंगावर येत नाही. माथे सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे, कारण लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आपल्या रानातली काळी माती म्हणजे त्याच खडकाचा झिजलेला भाग. एवढं लक्षात घेऊन डोंगर चढलात की खाली दिसणारं शिवार आणि पायाखालचा दगड वेगळे राहत नाहीत.

येडशीचा रामलिंग घाट बार्शीकरांना जवळ, तुळजापूरचा घाट सोलापूरकरांना. नळदुर्गला बोरी नदीला पाणी असेल तर किल्ल्यातल्या पाणी महालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात. पण ते पावसावर आहे, आधी चौकशी करून जा, आणि सुट्टीच्या दिवशी जाऊच नका.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणं मात्र एकदा तरी करा. देवी दसऱ्याला सीमोल्लंघन करून श्रमनिद्रा घेते ती आश्विन पौर्णिमेला उठते, म्हणून ही गर्दी. सोलापुरातून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर. सोलापुरातल्या रूपाभवानीचं दर्शन घेऊन संध्याकाळी निघायचं, रात्रभर चालायचं. त्या काळात रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, तरी कडेनंच चाला. नवीन चप्पल घालायची नाही, पायाला खोबरेल लावून घ्यायचं, दर तासाला पाच मिनिटं बसायचं पण आडवं व्हायचं नाही, एकदा आडवं झालं की उठवत नाही. श्रद्धा असो नसो, बसमधून हा मुलूख कधीच कळत नाही. काळं रान कुठं संपतं आणि मुरूम कुठं सुरू होतो, चढ नेमका कुठं लागतो, हे पायांना समजतं. परत येताना घाटात रानची सीताफळं विकायला बसलेल्या बायका भेटतात. डोळे उघडलेलं, खवल्यांच्या मधून पांढरट दिसणारं फळ घ्या, दोन-तीन दिवसांत पिकतं. हिरवंगार मिटलेलं घेतलंत तर काळं पडून दगडच राहील.

गच्चीवर काय आणायचं

बाग म्हटली की लोक नर्सरीत जातात. मी म्हणते, पहिल्यांदा गावच्या जुन्या घराच्या भिंतीकडं जा. घर पडलेलं असलं तरी आज्जीनं लावलेली गुलबक्षी तिथं उगवतच असते. काळ्या, सुरकुतलेल्या मिऱ्याएवढ्या बिया खाली पडलेल्या सापडतात. त्या उचला, कागदात बांधा, वर तारीख आणि जागा लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर बुरशी येते.

बांधावरून कुर्डूची वाळलेली बोंडं आणा. हातावर चोळली की बारीक काळं चकचकीत बी पडतं. पहिल्या पावसाला कुंडीत टाकलं की पुरे. कोवळ्या पानांची भाजी होते, आश्विनात गुलाबी-पांढरे तुरे येतात. तरवडाचं बी कठीण सालीचं, ते खरखरीत दगडावर हलकं घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग पेरा. झुडूप होतं म्हणून निदान दीड फूट खोल डबा हवा. बी रानातून आणताना सगळं ओरबाडू नका, झुडपागणिक दोन-चार शेंगा बास. कुंडी भरायला काळी माती, मुरमाची भुकटी किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत, तिन्ही सारखं.

शेवंती वहिनीकडून आणते, मुळाशी फुटलेल्या पिल्लांसकट. पावसाळाभर शेंडे खुडायचे, ऑगस्ट संपला की खुडणं बंद, म्हणजे फांद्या फुटून झाड डेरेदार होतं. शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. शहरात कितीतरी जणांच्या शेवंतीला नुसती पानंच येतात, कारण कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ठेवलेली असते. ती गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा, खत बदलत बसू नका.

ज्यांची जमीन राहिली नाही त्यांनी

हा भाग खरं तर आमच्या शेजारच्या अक्कांचा आहे. त्या पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात. १८७७ ला इथं कापडाची गिरणी निघाली, जिला आता 'जुनी मिल' म्हणतात, आणि पुढं मागावर काम करायला तेलंगणातून घरंच्या घरं आली, त्यातलं एक त्यांचं. तिकडं आता त्यांची वीतभर जमीन नाही, गावात ओळखीचं कुणी नाही. पण सर्वपित्री अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत सोलापूरच्या पूर्व भागात बतुकम्मा हा फुलांचा सण असतो. ताटात फुलांचे थर गोल गोल चढवत मनोरा करायचा, वर हळदीची गौरम्मा, भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, शेवटी पाण्यात सोडायची. त्यांच्या गाण्यातली तंगेडू आणि गुनुगू ही फुलं म्हणजे आपलं तरवड आणि कुर्डू! दोन्ही सोलापूरच्या माळावर आपसूक उगवतात. तिकडून येणाऱ्या बायकांना इथल्या रानात ओळखीची फुलं दिसली असतील तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करते.

तर ज्यांची जमीन विकली गेली, वाटणीत गेली, त्यांनी अक्कांसारखं करावं. आपल्या मूळ गावच्या शिवारात या ऋतूत काय फुलतं ते विचारून घ्यावं आणि तेच इथं शोधावं किंवा लावावं. अक्कांना मी रानातून येताना तरवड आणून देते, त्या मला बतुकम्माचा प्रसाद देतात.

करमाळा, माढा भागातली ज्यांची गावं उजनीत गेली, त्यांनी याच दिवसांत जलाशयाच्या काठावर जावं. धरण भरलेलं असतं, जुनं काही दिसत नाही, पण वर बसवलेल्या नव्या गावठाणात जुन्या शिवाराची नावं सांगणारी माणसं अजून भेटतात. वहीचं काम तिथंही होतं.

आणि ज्यांना कुठलंच मूळ गाव सांगता येत नाही, त्यांनी कार्तिकात हत्तरसंग कुडलला जाऊन यावं, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. भाषा तरी सगळ्यांच्या वाट्याची आहे, तिच्यासाठी सातबारा काढावा लागत नाही.

निघताना पुढच्या वर्षीची वेळ कसणाऱ्याशी बोलूनच ठेवा, नाहीतर वर्ष कसं जातं कळत नाही. आमचं ठरलेलं आहे, सर्वपित्रीच्या आधीचा रविवार, आणि त्या दिवशी रान ओलं असलं तर घटस्थापनेचा आदला दिवस. त्या दिवसासाठी कारखान्यात मी आधीच रजा टाकून ठेवते, कारण दिवाळीच्या ऑर्डरी तेव्हाच चालू असतात आणि ऐनवेळी कुणी सोडत नाही. माती आणायला घमेलं न्या. पिशवीत ओली काळी माती भरली की बंद तुटतो आणि निम्मी माती एसटीत सांडते, मग कंडक्टरचं ऐकून घ्यावं लागतं.